न उघडलेली आगळाची बाटली

(पत्र पाठवणाऱ्या मैत्रिणीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दोन्ही शहरांची नावं तिच्या परवानगीने ठेवली आहेत, कारण त्यांच्याशिवाय तिची अडचण कळणार नाही.)

माहेर नागपूरचं, सासरही विदर्भातलंच. वय 31. यजमान बँकेत आहेत आणि ही बाळंतपणाला माहेरी असतानाच त्यांची बदली रत्नागिरीला झाली. तीन महिन्यांची मुलगी घेऊन ती मे महिन्याच्या शेवटी तिथे पोचली आणि आठ-दहा दिवसांत पाऊस लागला. "तो अजून थांबलेला नाही," असं ती लिहिते. मुलगी आता साडेपाच महिन्यांची आहे. यजमान सकाळी नऊला जातात, रात्री आठला येतात. दुपटी वाळत नाहीत, भिंतीला बुरशी येते, मधूनच वीज जाते. भाजीवालीकडे तिने सांभार, म्हणजे कोथिंबीर, मागितला, तर भाजीवाली म्हणाली, "सांबार हाटेलात मिळेल." आजूबाजूच्या बायका हसल्या. त्या दिवसापासून भाजी यजमानच आणतात. शेजारच्या काकू पहिल्याच आठवड्यात आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली घेऊन आल्या, मूळच्या कुठच्या, माहेर कुठलं, यजमान कुठे असतात हे सगळं विचारून गेल्या आणि पुन्हा फिरकल्या नाहीत. बाटली फडताळात तशीच आहे. आईशी दिवसातून चार-पाच व्हिडिओ कॉल होतात. आई म्हणते, पोरीला घेऊन ये, पुढची बदली होईस्तोवर इथेच राहा. यजमान म्हणतात, तुला हवं ते कर. तिचा प्रश्न असा आहे: "तीन वर्षांनी हे गाव सोडायचंच आहे, मग जीव कशाला गुंतवायचा? आणि नाही गुंतवला तर दिवस काढायचे कसे? नागपूरला निघून गेले तर मी वाईट आई ठरेन का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही ठरणार. लेकराला घेऊन आईच्या सावलीत जावंसं वाटणं यात काही वाईट नाही. पण जायचं की राहायचं हे ठरवण्याआधी तुमच्या पत्रातल्या काही गोष्टींकडे आपण दोघी मिळून पाहू या.

"मला रत्नागिरी आवडत नाही" हे वाक्य पत्रात तीनदा आलं आहे. ते वाचताना मला वाटलं, तुम्ही रत्नागिरी अजून पाहिलीच कुठे? तुम्ही पाहिलंय ते भाड्याचं घर, दोरीवरची ओली दुपटी आणि खिडकीबाहेरचा पाऊस, तेही रात्रीत चारदा उठलेल्या डोळ्यांनी. साडेपाच महिन्यांच्या बाळाची आई कुठल्याही गावात थकलेलीच असते. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या, आई होणं आणि गाव बदलणं. त्यांचा इतका गुंता झालाय की एकीचा शीण दुसरीच्या नावावर जमा होतोय.

एक आठवडा असं करून पाहा. "काय हे गाव!" असं मनात आलं की तिथेच थांबून विचारा, नागपूरला असते तर हे झालं नसतं का? रात्रीचं जागरण तिथेही झालं असतं. अंगावर पाजून पाठ तिथेही धरली असती. फरक एवढाच की सकाळी आईने दोन तास बाळ घेतलं असतं आणि तुम्ही झोपला असता. म्हणजे तुम्हाला जे हवंय त्यातला मोठा भाग नागपूर नाहीच. तो आहे विश्वासाच्या माणसाच्या हातातले दोन तास, आणि ते रत्नागिरीतही मिळू शकतात. बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या, बाळंतिणीकडे जाणाऱ्या बाया तिथे आहेत. तुमच्या पोळ्या करणाऱ्या ताईंना विचारा, त्यांना नक्की कोणीतरी माहीत असेल. घरखर्चात दुसरीकडे काटकसर करा, पण या दोन तासांचे पैसे मोजा.

इथेच एक गोष्ट स्पष्ट लिहिते. बाळंतपणानंतर पहिले पंधरा दिवस रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं आहे. पण त्यानंतरही दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सारखं उदास असेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर हे गावामुळे होतंय असं स्वतःला समजावत बसू नका. तो बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मुलीच्या लसीकरणाला किंवा वजनाला जाल तेव्हा डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा. 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, तो रात्रंदिवस चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावं असा विचार एकदा जरी डोकावला, तर त्याच दिवशी यजमानांना सांगून डॉक्टरकडे जा.

आता नागपूरला जाऊन राहण्याबद्दल. ही वाट मी स्वतः चाललेली आहे, फक्त उलट्या दिशेने. माझं माहेर चिपळूणचं. यजमानांची नोकरी अकोल्याला होती आणि चार महिन्यांचा मुलगा घेऊन मी मार्च महिन्यात तिथे गेले. एप्रिल लागताच मला वाटलं, हे माणसांच्या राहण्याचं गाव नव्हे. "उन्हाळ्यापुरती जाते" म्हणून चिपळूणला आले ती दिवाळीलाच परतले. आईकडे मला फार सुख मिळालं, ते मी नाकारत नाही. पण परतले तेव्हा मुलगा वडिलांकडे जायला तयार नव्हता, त्यांनी उचललं की रडायचा. त्यांनी तोंडाने कधी काही म्हटलं नाही, पण रात्री तो झोपल्यावर त्याच्या पायाशी बसून राहायचे. ते मला अजून दिसतं. आणि अकोलं होतं तिथेच होतं. ओळखी पुन्हा पहिल्यापासून करायच्या होत्या.

अकोल्यात माझा जीव रमला त्याला निमित्त झालं पाणी. नळ चार दिवसांआड यायचा, तोही पहाटे. एकदा बाळाच्या आजारपणात रात्रभर जागून मी पहाटे गाढ झोपले आणि नळ येऊन गेला. उठून मोरीत पाहते तर दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेले. शेजारच्या वहिनींची हिरवी नळी भिंतीवरून आमच्या मोरीच्या खिडकीत आलेली होती, तिच्या टोकातून अजून थेंब पडत होते. त्यांच्याशी तोवर माझं धड दोन वाक्यंही बोलणं झालेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्या गावाला गेल्या तेव्हा त्यांचे ड्रम मी भरले. त्यानंतर पहाटे "वहिनी, नळ आले!" अशी हाक आली की मला ते गाव आपलं वाटायचं.

माझा सगळा सल्ला या नळीतून आलाय. गाव आधी आवडेल आणि मग आपण तिथे रमू, असा क्रम तुम्ही धरलाय. माझा अनुभव असा की आधी गावाशी आपलं काही काम पडावं लागतं. कोणाकडे काही मागावं लागतं, कोणाला काही द्यावं लागतं. आवडणं पाठोपाठ येतं, कधी वर्षभराने येतं. तुमच्याकडे तर कामांची रास पडली आहे, कारण घरात तान्हं बाळ आहे. ती सगळी कामं तुम्ही चार भिंतींत आणि फोनवर उरकताय.

दुपट्यांचंच घ्या. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नागपूरच्या जवळजवळ तिप्पट. तिथे पिढ्यान् पिढ्या बाळं वाढली आहेत, म्हणजे दुपटीही वाळली आहेत. हे तुमच्या आईला नागपुरातून कसं सांगता येईल? तिला झड माहीत आहे, पण ती चार दिवसांची. चार महिन्यांचा पाऊस शेजारच्या काकूंना माहीत आहे. त्या सांगतील की पूर्वी शेगडीत निखारे घालून वर डालगं, म्हणजे बांबूची टोपली, पालथं घालायचे आणि त्यावर दुपटी पसरायचे. तसं करायला जाऊ नका, बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीला चांगला नाही आणि बाळाला धुरी देऊ नका असंच डॉक्टर सांगतात. पण त्याच काकू हेही सांगतील की घरात दोरी कुठल्या बाजूला बांधली तर वारा लागतो, दमट लंगोटावर इस्त्री कशी फिरवायची, भिंतीपासून कपाट किती पुढे ओढायचं. उत्तर काहीही मिळो, तुम्ही विचारायला जाणं महत्त्वाचं.

काकूंबद्दल तुम्ही लिहिलंय की त्यांनी चौकश्या केल्या आणि गेल्या. कोकणात वाढलेली म्हणून सांगते, "मूळच्या कुठच्या तुम्ही?" ही तिथली ओळख करून घेण्याची रीत आहे. समोरच्या माणसाला कुठल्यातरी घराशी, गावाशी जोडल्याशिवाय आमच्या लोकांना पुढे बोलताच येत नाही. आणि त्या परत का आल्या नाहीत? माझा अंदाज सांगते. त्यांनी बाटली आणली, म्हणजे येण्याची त्यांची पाळी झाली. आता त्या तुमच्या दाराकडे बघत असतील. बाळंतीण बाई, बाहेरगावची, दार लावून असते, उगाच त्रास नको, असं त्यांनी मनात धरलं असेल. तुम्ही इकडे म्हणता त्या येत नाहीत, त्या तिकडे म्हणतात ही येत नाही, आणि मध्ये एक बाटली बसून आहे.

दुसऱ्याच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे नागपूरलाही पाळतात आणि चिपळूणलाही. बाटलीचं काय करायचं ते पुढे सांगते, पण काकूंच्या घरी जाताना जवसाची चटणी घेऊन जा. जवस, लाल मिरची, जिरं, लसूण भाजून कुटायला तुम्हाला किती वेळ लागणार? कोकणात ती रोजच्या पानात नसते. त्या विचारतील, हे कसलं? मग तुम्हाला सांगायला काहीतरी असेल. इतके दिवस त्या गावात तुम्हाला फक्त न कळणाऱ्या गोष्टीच भेटल्या, त्या दिवशी तुम्हाला येणारं काहीतरी तुम्ही शिकवाल.

सांभारचं वाचून मला वाईट वाटलं. आपल्या रोजच्या शब्दावर कोणी हसलं की ते माहेरावरच हसल्यासारखं लागतं. पण त्या भाजीवालीकडे पुन्हा जा. मुलीला कडेवर घेऊन जा आणि सांगा, "आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात." एवढंच. तुमचा शब्द सोडू नका, तिचाही शिका. बाळाला घेतलेली बाई दुसऱ्यांदा आली की बाजार तिला ओळखायला लागतो. मुलीचं नाव विचारतील, कानातलं का नाही घातलं म्हणतील, टाळूवर तेल घालता ना म्हणतील. थोडं ऐका, थोडं सोडून द्या. तुमची लेक दोन्ही शब्दांत बोलेल. "जात्ये" आणि "जाऊन राहिली" हे दोन्ही तिच्या तोंडी येईल, त्यात तिचं काही बिघडणार नाही.

तुम्ही म्हणता, तीन वर्षांचाच प्रश्न आहे. रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे, पाऊस उघडला की तिकडे जाऊन या. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, राजा वारला 1916 मध्ये. तीस वर्षं तो तिथे होता आणि परत जाण्याची परवानगी त्याला कधीच मिळाली नाही. त्याचं दुःख आपण काय मोजणार! पण त्याची धाकटी मुलगी 1887 साली रत्नागिरीतच जन्मली. थोरल्या मुलीची मुलगी टुटू मराठी बोलत त्याच गावात वाढली, तिथेच तिने संसार केला. आजोबांसाठी जी कैद होती, ते नातीचं गाव झालं. तुमची गोष्ट त्याच्याशी तोलत नाही मी. तुम्हाला परतीची वाट आहे आणि ती कोणी अडवलेली नाही. पण तुमच्यासाठी जी तीन वर्षांची बदली आहे, ते तुमच्या मुलीचं तोवरचं जवळजवळ सगळं आयुष्य असेल. ती पहिलं पाऊल तिथल्या जांभ्याच्या पायरीवर टाकेल. तिच्या लेखी पाऊस म्हणजे हाच पाऊस.

येत्या पंधरा-वीस दिवसांत तुमच्याकडे एक चांगलं निमित्त चालून येतंय, ते म्हणजे उष्टावण. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध आणि सातवा लागला की वरचं अन्न, असं डॉक्टर सांगतात. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात ही आपली रीतही त्याच्याशी जुळते. ते नागपूरला जाईपर्यंत लांबवू नका, रत्नागिरीतच करा. चार माणसं बोलवा: शेजारच्या काकू, पोळ्यावाल्या ताई, बँकेतलं एखादं जोडपं, घरमालक. मोठा घाट घालू नका, पेढे आणि चहा पुरे. काकूंना आधी जाऊन विचारा, नाचणीचं सत्त्व कसं काढायचं, पेज किती पातळ ठेवायची. बाळाच्या पहिल्या घासात मध मात्र कोणाच्याही आग्रहाने घालू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो. मीठ-साखरही वर्षभर लांबच ठेवा. तुमच्या भागातली अंगणवाडी शोधून तिथे मुलीचं नाव नोंदवा. अंगणवाडी म्हणजे तीन वर्षांच्या मुलांची शाळा एवढंच अनेकींना वाटतं, पण तिथे तान्ह्या बाळांचीही नोंद होते, वजन होतं, सहा महिन्यांनंतरचा आहार मिळतो. शिवाय तिथे तुमच्यासारख्याच, कडेवर बाळ घेतलेल्या आया भेटतात. सध्या तुम्हाला त्यांची गरज सगळ्यात जास्त आहे.

मग गणपती येतील. कोकणात गणपतीच्या दर्शनाला जायला आमंत्रण लागत नाही. वर्षभर ज्या दारात पाय ठेवायला संकोच वाटतो, त्या दारात त्या दिवसांत सरळ आत जायचं असतं. मुलीला घेऊन आळीतल्या पाच घरी जा. तुमच्या आईकडे त्याच दिवसांत महालक्ष्म्या बसतात, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या असतात, आणि त्यासाठी जीव तुटतो हे तुम्ही लिहिलं नसलं तरी विदर्भात राहिलेल्या मला कळतं. निर्णय तुमचा आहे, पण मला विचाराल तर या वर्षी गौरी-गणपती रत्नागिरीत करा आणि त्यानंतर नागपूरला जा. जरूर जा, महिनाभर राहा. फक्त परतीचं तिकीट निघण्याआधी काढा. मी ते काढलं नव्हतं.

यजमानांच्या "तुला हवं ते कर" बद्दल. हे ते प्रेमानेच म्हणतात, माझी खात्री आहे. पण त्यामुळे सगळा निर्णय तुमच्या एकटीच्या डोक्यावर येतो आणि तो चुकला तर तुमचाच. त्यांना एकदा शांतपणे विचारा, "तुला काय हवंय? पुढची बदली होईपर्यंत मुलगी तुझ्याजवळ नसली तर चालेल का?" उत्तर ऐकून घ्या. आणि मुलीचं एक काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, रविवारची आंघोळ म्हणा, रात्रीचं झोपवणं म्हणा. तुम्ही त्या वेळी घराबाहेर पडा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं आहे, राज्यातल्या सर्वात जुन्या वाचनालयांपैकी एक. तिथे सभासद व्हा. दोन पानं वाचून झोप लागली तरी चालेल, पण पुस्तक बदलायला म्हणून पंधरा दिवसांतून एकदा एकटीने बाहेर पडाल.

आईचे फोन बंद करू नका. कोणी तसं सांगितलं तर ऐकूही नका. फक्त चारातला एक फोन घराबाहेरून करा. भाजीबाजारातून करा, पाऊस ओसरला की मांडवीच्या किनाऱ्यावरून करा. आत्ता आईला फोनवर तुमचा रडवेला चेहरा आणि मागची ओली भिंत दिसते. मग ती "ये" म्हणणार नाही तर काय करेल? तिला गाव दाखवा. दाखवता दाखवता तुम्हालाही ते दिसेल.

तुमच्यासारखी पत्रं मला पुण्याहून बंगळुरूला गेलेल्या, साताऱ्याहून सुरतेला गेलेल्या मुलींकडूनही येतात. त्यांच्याकडे आगळाची बाटली नसेल, पण कोणीतरी पहिल्या आठवड्यात काहीतरी आणून दिलेलं असतंच, आणि ते परत करायचं राहिलेलं असतं.

तुमच्या बाटलीचं म्हणाल तर, त्या आगळाची सोलकढी कशी करायची हे मी मुद्दाम लिहीत नाही. नारळाचं दूध किती, आगळ किती, लसूण घालायची की नाही, यावर कोकणात दर घराचं वेगळं मत असतं आणि माझी चिपळूणची रीत तुमच्या काकूंना मुळीच पटणार नाही. बाटली घ्या, चटणी घ्या, मुलीला कडेवर घ्या आणि त्यांनाच विचारा.